सड्यावरून, पाणंदींतून, खाडीकाठाने: कोकणात रहदारीपासून लांब सायकल चालवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे काय, आणि त्याचा कोकणाशी काय संबंध?

डांबरी रस्ता सोडून खडीच्या, मुरमाच्या, मातीच्या वाटांवरून लांब पल्ल्याची सायकल चालवणं, इतकाच त्याचा अर्थ. डोंगरउतारावर उड्या मारत जायची ती माउंटन बायकिंग. इथे दिवसभर निवांत चालवायचं, वाटेत थांबायचं, माणसांशी बोलायचं.

कोकणात अशा वाटांना तोटा नाही. जांभ्याचा सडा म्हणजे लाल दगडाचं उघडं पठार, त्यावरून गेलेल्या जुन्या गाडीवाटा, चिऱ्यांच्या गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, वाडीत उतरणाऱ्या पाणंदी, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचे, म्हणजे खाजणाचे बांध, आंबा-काजूच्या बागांत जायला केलेले मातीचे रस्ते. माणसं बैलगाडीने आणि पायी फिरत होती तेव्हापासूनच्या या वाटा आहेत, आणि गाडीने येणारा पाहुणा तिकडे फिरकत नाही.

रहदारी नसलेले रस्ते कोकणात खरंच उरलेत का? आम्हाला तर मे महिन्यात सगळीकडे गाड्याच दिसल्या.

उरलेत. मुंबई-गोवा महामार्ग सोडा, आणि शनिवार-रविवारी किनाऱ्याचा सागरी मार्गही सोडा. पर्यटकांची गर्दी या दोन पट्ट्यांत आणि त्यांना जोडणाऱ्या मोजक्या रस्त्यांवर असते. मधला जो भाग राहतो, तो आपला. गणपतीपुळ्याच्या देवळापुढे पार्किंगला जागा नसते त्याच दिवशी तिथून काही किलोमीटर आतल्या सड्यावर तासभर चालवूनही एखादी दुचाकी आणि चरायला सोडलेली गुरं एवढंच भेटतं.

सडा अगदी मोकळा मात्र समजू नका. चिरेखाण चालू असेल तिथे चिरे भरलेले ट्रक आणि टेम्पो भरधाव येतात, धुरळ्यात समोरचं दिसत नाही. रस्त्यावर ताजी लाल भुकटी आणि रुंद चाकांच्या खुणा दिसल्या की पुढे खाण आहे हे ओळखायचं आणि शक्य असेल तर दुसरी वाट धरायची.

कोकणात नुसते चढच चढ असतात म्हणे. झेपेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. त्याचं उत्तर जमिनीच्या रचनेत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पश्चिमेला समुद्राकडे जातात. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, गड, कर्ली. प्रत्येकीने जांभ्याचं पठार कापत आपली खाडी केली आहे. त्यामुळे दोन खाड्यांच्या मध्ये एक सडा, मग उतार, मग खाडी, मग पुन्हा चढ आणि पुढचा सडा, अशी सगळी मांडणी. उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालात तर प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पुन्हा चढायचं. मुंबई-गोवा सायकल करणाऱ्यांचा दम तिथेच निघतो. पण त्याच सड्यावर एकदा चढून पूर्व-पश्चिम चालवलं, तर कितीतरी वेळ जवळपास सपाट वाट मिळते, दोन्ही बाजूंना खाली माडांची गर्द रेघ आणि समोर समुद्र.

तेव्हा बेत आखताना दिवसाला एक मोठा चढ धरा. सकाळी उन्हाच्या आधी चढायचं, दुपारपर्यंत वर फिरायचं आणि दुसऱ्या बाजूने गावात उतरायचं. अंतर मोजू नका. डांबरी रस्त्यावर शंभर किलोमीटर मारणाऱ्यालाही इथे चाळीस-पन्नास पुरतात.

वाडीत उतरताना लागणारी पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या. तिथे उतरून सायकल हातात धरायची. पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या असतात, आणि वळणावर डोक्यावर भारा घेतलेलं माणूस समोर येऊ शकतं.

कुठली सायकल लागते? नवीनच घ्यायला हवी का?

नको. घरात चांगली हायब्रिड किंवा साधी माउंटन बाइक असेल तर ती पुरते. पातळ टायरची रोड बाइक तेवढी आणू नका.

खरा प्रश्न टायरचा. जांभा दिसतो मऊ, लाल आणि सच्छिद्र, पण उन्हापावसाने धुऊन निघालेल्या कातळाच्या कडा खरखरीत असतात. त्यावर टायर आपटला की ट्यूब रिमशी चिमटून दोन समांतर चिरा पडतात. रुंदी किमान ३८ मिलिमीटर असावी, ४२ ते ४५ असेल तर उत्तम. सत्तरेक किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३५ ते ४० पीएसआय हवा बरी पडते. ट्यूब असेल तर थोडी जास्त ठेवा, ट्यूबलेस असेल तर थोडी कमी चालते. हवा गच्च भरली की मुरमावर चाक घसरतं आणि हात बधिर होतात.

गिअर हलका हवा. पुढचं सगळ्यात लहान दातेरी चक्र मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राएवढं किंवा त्याहून लहान असेल, तर खाडीकाठाहून सड्यावर येणारे चढ बसून चढता येतात. डिस्क ब्रेक असतील तर त्यांचे पॅड निघण्यापूर्वी बघून घ्या. ओल्या लाल मातीत ते फार लवकर झिजतात. सोबत दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, चेन जोडायची कडी आणि तुमच्या सायकलला बसणारा डिरेल्युअर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा मागचा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा, ठेवा. तालुक्याच्या गावी साध्या सायकलचं काम होतं, पण हा शेवटचा तुकडा तिथे मिळणार नाही.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे गारवा, वाटा कोरड्या, व्हाळांना, म्हणजे ओढ्यांना, अजून थोडं पाणी.

तरीही माझा जीव सप्टेंबरअखेरीच्या सड्यावर जडला आहे. पावसाळ्यात कातळावर जिथे वीतभर माती साठते तिथे गवत उगवतं आणि त्यातून तेरडा, सोनकी फुलते. खळग्यांमध्ये पाणी साचतं, आणि त्या ओलीत सीतेची आसवं ही बोटाएवढी निळी-जांभळी फुलं इतकी दाट येतात की लांबून कातळावर आभाळ उतरल्यासारखं वाटतं. हे पाहायचं असेल तर सायकल वाटेवर उभी करा आणि पायी जा. चाकाखाली आलेला गालिचा त्या वर्षी पुन्हा उठत नाही.

जून ते ऑगस्ट मात्र येऊ नका. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक या महिन्यांत कोसळतो. काळ्या शेवाळाने माखलेल्या कातळावर ब्रेक लागत नाही. पऱ्याला, म्हणजे लहान ओढ्याला, पाणी चढलं तर साकवावरून, त्यावरच्या छोट्या पुलावरून, जायचं धाडस करायचं नाही, पलीकडे गाव दिसत असलं तरीही.

ऑक्टोबरचं ऊन अंगावर येतं. मार्चनंतर उकाडा असह्य होतो. सकाळी सहा ते दहा एवढंच काय ते चालवता येतं. शिमग्याच्या दिवसांत गावोगाव पालख्या फिरतात आणि अरुंद वाटांवर पालखीचा मान पहिला. सायकल कडेला घ्या, चपला काढून दर्शन घ्या, मग पुढे चला. त्या दिवशी कुठल्याही अंगणात तुम्ही पाहुणेच असता.

वाटेत ऐतिहासिक असं काय काय लागतं?

इतकं लागतं की निवड करावी लागते. मी लोकांना भाग सुचवतो, नेमका मार्ग सुचवत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

*राजापूरचा सडा.* सुरुवात इथून करावी. राजापूर हे खाडीच्या टोकाचं जुनं बंदर. इथे इंग्रजांची वखार होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली. बंदरात उतरलेला माल अणुस्कुरा घाटाने वर देशावर जाई. समुद्रावरून खाडीत, खाडीवरून घाटात, असा तो व्यापार होता. घाटाखालच्या गावांत फिरताना ती दिशा मनात ठेवा, म्हणजे आज कुठेच जात नाही असं वाटणारी वाट पूर्वी कुठे जात असेल ते उमगायला लागतं.

याच तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ आणि कशेळी इथे कातळशिल्पं, म्हणजे जमिनीच्या कातळात कोरलेली चित्रं, आहेत. देवाचे गोठण्याला भार्गवरामाचं देऊळ खाली झाडीत आणि शिल्प वर उघड्या सड्यावर. तिथे होकायंत्र ठेवलं तर काटा भलतीच दिशा दाखवतो. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच कोरलेला आहे, आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी, पक्षी, मासे आहेत. कशेळीलाच कनकादित्याचं देऊळ आहे, तर शेजारच्या आडिवऱ्याला महाकालीचं.

*संगमेश्वर आणि रत्नागिरीचा सडा.* कसबा संगमेश्वरचं कर्णेश्वर देऊळ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. दगडी खांब आणि छतावरचं कोरीवकाम बघत तासभर सहज जातो. १६८९ मध्ये संभाजीराजे याच कसब्यात पकडले गेले. उक्षी आणि जांभरूणची कातळशिल्पं याच बाजूला. उक्षीच्या पुढे कोकण रेल्वेचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे. खालून गाडी डोंगराच्या पोटातून जाते आणि वर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी कातळात हत्ती कोरून ठेवलेला.

*दापोली-मंडणगड.* इथे किल्ल्यांपेक्षा माणसांचा इतिहास मोठा आहे. पालगड साने गुरुजींचं. मुरुड महर्षी कर्व्यांचं. इथून ते विद्यार्थीदशेत डोंगर ओलांडून पायी साताऱ्याला परीक्षेला गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. चिखलगाव टिळकांचं मूळ गाव, आंबडवे बाबासाहेब आंबेडकरांचं. ही सगळी लहान गावं आहेत, आतल्या रस्त्यांनी एकमेकांना जोडलेली. पोरवयातल्या कर्व्यांनी साताऱ्यापर्यंत काय चालून काढलं असेल, हे मुरुडहून घाटीचा पहिला चढ चढताना मांड्यांना कळतं. दाभोळचं जुनं बंदर आणि तिथली खाडीकाठची मशीदही याच फेरीत घ्या.

*मालवण-देवगड-कणकवली.* मसुऱ्याच्या खाडीच्या एका बाजूला भरतगड, दुसऱ्या बाजूला भगवंतगड, आणि आत गड नदीवर रामगड. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग बघायला सगळे जातात, या तीन लहान गडांकडे फारसं कोणी येत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाला जागतिक वारसा म्हणून दर्जा दिला, त्यात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग आहेत. कुडोपीची कातळशिल्पं मालवण तालुक्यात. उत्तरेकडे खारेपाटण लागतं. तिथे शिलाहार रट्टराजाचा शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट मिळाला. आज महामार्गावरून एका मिनिटात मागे पडणाऱ्या त्या गावाची जुनाई एवढी आहे.

कातळशिल्पांपर्यंत सायकल नेता येते का?

जवळपर्यंत येते. शिल्पावर नेऊ नका, कोणत्याही कारणाने. फोटोसाठीसुद्धा नाही.

ही चित्रं जांभ्याच्या सपाट कातळात काही बोटं खोल कोरलेली आहेत. अभ्यासकांच्या मते त्यांतली काही मध्याश्मयुगापर्यंत मागे जातात. इतकी वर्षं ती टिकली, कारण त्यांच्यावर वारा-पाऊस सोडून फारसं काही पडलं नाही. जांभ्याची कड बुटाच्या टाचेनेही तुटते. शिवाय दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात ती अजिबात दिसत नाहीत, माणूस चित्राच्या मधोमध उभा राहून "कुठे आहे?" असं विचारतो. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. तिरकं ऊन आलं की चरांमध्ये सावली भरते आणि जमिनीतून आधी एक पाय, मग पोटाची रेघ, मग सोंड अशी आकृती उठत येते.

रांगोळी, खडू, पाणी ओतून रेषा उठवणं हे काहीही करू नका. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तरी बहुतेक ठिकाणी त्यांची राखण गावकरीच करतात. आधी गावात जाऊन विचारा. कोणीतरी बरोबर येतंच, आणि त्याच्या वेळेचे पैसे आपण होऊन द्यावेत.

तयार मार्ग डाउनलोड करायला मिळेल का?

मी देत नाही. सड्यावरची वाट एका हंगामात बदलते. कोणी नवीन बाग केली की वाटेत गडगा उभा राहतो, खाण निघाली की वाटच नाहीशी होते. मागच्या वर्षीची रेघ मोबाइलवर बघत माणूस कुणाच्या तरी अंगणात, नाहीतर खाणीच्या कडेला जाऊन पोचतो. आणि एकाच रेघेवरून शंभर सायकली गेल्या तर त्या वाडीला त्रास होतो.

सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे घ्या. गाडीवाटा, पायवाटा, देवळं, विहिरी त्यात दाखवलेल्या असतात. त्यावर ओपनस्ट्रीटमॅप हा इंटरनेटवरचा खुला नकाशा ताडून बघा आणि नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, कारण सड्याच्या खोलगट भागात रेंज जाते.

आणि मग विचारा. हाच खरा मार्ग आहे. "काकू, ही वाट खाली वाडीत उतरते का?" असं विचारलंत की पुढे गडगा घातला आहे का, व्हाळाला पाणी किती, कोणाचा कुत्रा अंगावर येतो हे सगळं कळतं. सिंधुदुर्गात तर विचारायच्या आधीच हाक येते, "खंय चल्लात?" तिथे थांबायचंच. कुठून आलो, कुठे निघालो हे नीट सांगायचं. तुम्ही सड्यावर आहात हे त्या वाडीला माहीत असणं, तुमच्या सुरक्षेसाठी यापेक्षा चांगली सोय नाही.

सडा म्हणजे सरकारी जागा ना? कुठूनही जाता येईल?

नाही. सड्याचा बराचसा भाग खासगी आहे, पुष्कळदा एकाच सातबाऱ्यावर अनेक भावकीची नावं असतात. वहिवाटीची वाट सगळ्यांची, तिच्या बाजूची जमीन कुणाची तरी. कवाडी उघडून आत गेलात तर मागे लावून घ्या. उघडी राहिली तर गुरं बागेत शिरतात. हापूसच्या दिवसांत बागेतून जाणं टाळा. राखणदार रात्रभर जागलेला असतो, आणि एका पेटीमागे वर्षभराची मेहनत असते. खाली पडलेलं फळही विचारल्याशिवाय उचलू नये.

देवराईत सायकल चालवू नका. तिथे पायी जायचं, तेही गावची रीत विचारून.

सापांची भीती किती?

भीती नको, सावधपण हवं. सड्यावर फुरसं असतं. लहान, मातीच्या रंगाचं, दगडाच्या कपारीत किंवा वाळल्या गवतात बसलेलं. डिवचलं की अंग घासून खरखर आवाज करतं. चालत्या सायकलला त्याचा धोका फार कमी. धोका थांबल्यावर असतो: बसायला दगड उचलताना, गडग्याच्या फटीत हात घालताना, काळोखात झुडपाआड जाताना. पंक्चर काढायचं तर मोकळ्या कातळावर काढा.

चावलंच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा, १०८ ला फोन करा आणि ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालणारं एकच प्रतिविष तिथे देतात. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

पाणी आणि जेवणाचं काय?

सड्यावर सावली नाही आणि पाणीही नाही. माणशी तीन लिटर घेऊनच चढा. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून शरीरातून मीठ किती गेलं ते लक्षात येत नाही. कोकमाच्या आगळात, म्हणजे दाट रसात, मीठ-साखर घालून बाटली भरली तर बाजारच्या पुड्यांची गरज लागत नाही.

वाडीत हॉटेल नसतं. एसटी थांब्याजवळ चहा, भजी, कधी उसळ-पाव मिळतो. जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी घरगुती खानावळीत सांगून ठेवा. आयत्या वेळी गेलात तर घरच्या माणसांना स्वतःच्या ताटातलं वाढावं लागतं, आणि ते वाढतातच. सकाळी घावणे-चटणी किंवा मऊ भाताची पेज खाऊन निघालात तर अकरापर्यंत भूक लागत नाही. फेब्रुवारीनंतर वरच्या वाड्यांत पाण्याची टंचाई सुरू होते, तेव्हा प्यायला मागा, सायकल धुवायला मागू नका.

खाडी कशी ओलांडायची?

फेरीबोटीने. वेसवी-बागमांडले, दिघी-आगरदांडा, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या फेऱ्यांवर सायकल चढवता येते. पुलासाठी मारायचा मोठा वळसा वाचतो.

रेल्वेने सायकल आणता येते का?

येते. रेल्वेच्या मोफत सामानाच्या मर्यादेत सायकल धरत नाहीत, ती स्वतंत्र बुक करावी लागते. गाडीच्या बऱ्याच आधी पार्सल ऑफिसात जा आणि "लगेज" म्हणून बुक करा, म्हणजे ती तुमच्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनमधून येते. "पार्सल" म्हणून टाकलीत तर मागाहूनही येऊ शकते. डिरेल्युअरवर पुठ्ठा बांधा, नाव आणि फोन नंबर फ्रेमला लावा. दापोलीसाठी खेड, संगमेश्वरसाठी संगमेश्वर रोड, देवगड-रामगडसाठी कणकवली, मालवणसाठी कुडाळ. राजापूर रोड स्थानक राजापूर शहरापासून बरंच दूर आहे, हे धरून वेळ ठेवा. लहान स्थानकांवर गाडी जेमतेम मिनिटभर थांबते, तिथे सायकल उतरवायचा बेत करू नका.

एकट्या बाईने यावं का? मुलांना आणावं का?

कोकणात एकट्या फिरणाऱ्या मैत्रिणी आहेत. त्यांचा अनुभव चांगला आहे. त्या मुक्काम आधी ठरवून घेतात आणि दिवस मावळायच्या आत पोचतात; हे दोन्ही पुरुषांनीही करावं. मुलांसाठी खाडीकाठचे बांध आणि माडाच्या बागांमधले रस्ते सुरेख, सडा बारा-तेरा वर्षांपुढे.

परत गेल्यावर सायकलची काय काळजी घ्यायची?

त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. लाल माती चेनमध्ये कानसासारखी काम करते आणि खारी हवा बोल्टच्या डोक्यांना दोन दिवसांत गंज धरवते. चेन पुसून कोरडी करा, मगच तेल घाला. सीटपोस्ट काढून फ्रेममध्ये पाणी उरलं असेल तर उलटी करून निथळू द्या. टायरमध्ये रुतलेले जांभ्याचे कण टोच्याने काढून टाका. ते राहिले तर पंक्चर पुढच्या आठवड्यात तुमच्या घराजवळ होतं.